साखरेपासून डी-लॅक्टिक आम्ल: नागपुरातल्या एका छोट्या प्रयोगशाळेतून

जिवाणूच्या जनुकांत बदल करायचा आणि त्याच्याकडून साखरेचं औद्योगिक रसायन करून घ्यायचं, हे काम आमच्या विभागात याआधी कोणी केलं नव्हतं. नागपुरात या कामाची माहिती मिळते, पण तुकड्यातुकड्यांत. परवानगीचं एकाला ठाऊक असतं, जनुक काढण्याचं दुसऱ्याला, किण्वनाचं तिसऱ्याला. जून २०२३ मध्ये सुरू केलेलं हे काम मार्च २०२५ मध्ये एका टप्प्यावर आलं. वाटेत जे जे विचारत फिरावं लागलं, ते सगळं ओळीनं लिहून ठेवते आहे. एमएस्सी झालेल्या, पीएचडीला नाव नोंदवलेल्या किंवा एखाद्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणाऱ्यांना हे काम आपल्या आवाक्यातलं नाही असं वाटतं. ते आवाक्यातलं आहे. फक्त वेळ कुठे जातो हे आधी माहीत असलं पाहिजे, कारण जनुक काढण्यात तो सर्वांत कमी जातो.

आम्ही निवडलं डी-लॅक्टिक आम्ल. लॅक्टिक आम्लाचे दोन प्रकार असतात, एल आणि डी. दोन्हींतले अणू तेच, रचना आरशातल्या प्रतिमेसारखी उलटी. पीएलए नावाचं विघटनशील प्लास्टिक मुख्यतः एल प्रकारापासून करतात. अमेरिकेत नेब्रास्कातल्या ब्लेअर इथे २००२ पासून मक्याच्या साखरेवर ते मोठ्या प्रमाणावर होतं, आणि आपल्याकडे पुण्याजवळ जेजुरीला २०२४ मध्ये त्याचा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू झाला. नुसतं एल प्रकारचं पीएलए १७० ते १८० अंशांच्या आसपास वितळतं. त्यात डी प्रकारच्या साखळ्या योग्य प्रमाणात मिसळल्या, तर दोन्ही मिळून जे स्फटिक होतात ते २३० अंशांच्या जवळपास टिकतात. गरम चहासाठी किंवा इस्त्रीच्या कापडासाठी हा फरक मोठा आहे. दह्यात आणि आंबवणात सापडणारे बरेच जिवाणू एल प्रकार किंवा दोन्हींचं मिश्रण देतात. शुद्ध डी देणारे कमी. ई. कोलाय या प्रयोगशाळेतल्या ओळखीच्या जिवाणूचं स्वतःचं एन्झाइम मात्र फक्त डी प्रकारच बनवतं. म्हणजे बाहेरचा जनुक घालायची गरजच नाही.

अडचण अशी, की ई. कोलाय हवेशिवाय वाढताना लॅक्टिक आम्ल थोडंच बनवतो. त्यासोबत फॉर्मिक आम्ल, अ‍ॅसेटिक आम्ल, सक्सिनिक आम्ल आणि इथेनॉलही बनवतो. साखर फोडताना पेशीत एनएडी या वाहक रेणूचं एनएडीएच होऊन साठत जातं. ते पुन्हा एनएडी झालं नाही तर साखर फोडणंच थांबतं आणि पेशी उपाशी मरते. हे सगळे पदार्थ तिला त्यासाठीच हवे असतात. त्यातले बाकीचे मार्ग बंद केले आणि एक लॅक्टिकचा उघडा ठेवला, तर पेशीला जगण्यासाठी लॅक्टिक आम्ल बनवावंच लागतं. जितकी वाढेल, तितकं आम्ल देईल. या कामातली ही मला सर्वांत आवडणारी गोष्ट आहे. पेशीला तिच्या हिताविरुद्ध काही करायला लावायचं नाही, तिचं हित आणि आपलं उत्पादन एका ठिकाणी आणून ठेवायचं.

हिशोबही चांगला बसतो. १८० ग्रॅम ग्लुकोजपासून इथेनॉल केलं तर जास्तीत जास्त ९२ ग्रॅम मिळतं, उरलेले ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातात. त्याच १८० ग्रॅमपासून लॅक्टिक आम्ल मात्र तत्त्वतः १८० ग्रॅम होतं. वायू सुटतच नाही. २००३ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठातल्या गटानं पीएफएलबी, एफआरडी, एडीएचई आणि एसीकेए हे बाकीच्या मार्गांचे जनुक काढून असा जिवाणू तयार केल्याचं प्रसिद्ध केलं होतं. आम्हाला तेच इथे स्वतःच्या हातानं उभं करायचं होतं आणि नंतर त्याला विदर्भातली साखर खाऊ घालायची होती.

आता परवानगी. सर्वांत आधी याच कामाला लागा, प्रायमर (या कामाला लागणारे डीएनएचे छोटे तुकडे) मागवायच्याही आधी.

पर्यावरण संरक्षण कायद्याखालच्या १९८९ च्या नियमांनुसार जनुकीय बदल केलेल्या सूक्ष्मजीवांवर काम करणाऱ्या प्रत्येक संस्थेत जैवसुरक्षा समिती असावी लागते. सगळे तिला आयबीएससी म्हणतात. आमच्या संस्थेत ती नव्हती. समितीत संस्थेचे प्रमुख, अशा कामाचा अनुभव असलेले आतले शास्त्रज्ञ, एक बाहेरचा तज्ज्ञ, वैद्यकीय पदवी असलेला जैवसुरक्षा अधिकारी आणि केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागानं नेमलेला एक प्रतिनिधी लागतो. नोंदणी आयबीकेपी या पोर्टलवर होते. आमच्या सरांनी जुलैत प्रस्ताव तयार केला आणि मी कागद जमवायला घेतले: प्रयोगशाळेचा नकाशा, उपकरणांची यादी, ऑटोक्लेव्हची (दाबाखालच्या वाफेनं निर्जंतुक करणाऱ्या यंत्राची) देखभाल नोंद, प्रत्येक सदस्याचा बायोडाटा आणि संमतिपत्र.

सर्वांत जास्त खोळंबा झाला तो डॉक्टरांसाठी. धंतोली-रामदासपेठेत दवाखाने चिक्कार, पण "जनुक बदललेला जिवाणू" म्हटलं की पुढचा माणूस सावध होतो. सही करायची आणि जबाबदारी अंगावर घ्यायची, हे कोणालाही सहज पटत नाही. शेवटी एक पॅथॉलॉजिस्ट मॅडम तयार झाल्या. त्यांनी आधी प्रयोगशाळा बघितली, हात धुण्याची जागा बघितली, सांडलं तर काय करणार हे अटेंडंट काकांना विचारलं आणि मगच होकार दिला. तुम्हीही डॉक्टरांकडे फाइल घेऊन जाण्याऐवजी त्यांनाच प्रयोगशाळेत बोलवा. निम्मं काम तिथेच होतं. विभागाचा प्रतिनिधी नेमला जाईपर्यंत दिवाळी उलटून गेली. त्या काळात चौकशीचा मेल अधूनमधून पाठवत राहणं आणि वाट पाहणं, एवढंच हातात असतं. मी तो वेळ वाचनात घातला, पण मनातून फार बेचैन होते. पीएचडीचं घड्याळ तर चालूच असतं.

पहिली बैठक जानेवारी २०२४ मध्ये झाली. वीस मिनिटांचं सादरीकरण आणि दीड तास प्रश्न. डॉक्टर मॅडमनी विचारलं की हा जिवाणू आतड्यात गेला तर? आमची के-१२ ही ई. कोलायची जात १९२२ मध्ये स्टॅनफर्डमध्ये वेगळी केलेली आहे. इतकी वर्षं प्रयोगशाळेत राहून तिनं आपल्या पृष्ठभागावरची काही शर्करायुक्त रचना गमावली आहे आणि माणसाच्या आतड्यात ती नीट तग धरत नाही, हे मी सांगितलं. त्याचे आधार जोडलेले होते, म्हणून पुढे वाद झाला नाही. बाहेरच्या तज्ज्ञांनी विचारलं, शेवटच्या जिवाणूत अँटिबायोटिकला प्रतिकार करणारा जनुक राहणार का? नाही, तो नंतर काढून टाकतो, आणि काढल्याचा पुरावा दर वेळी नोंदवू. प्रतिनिधींनी कचऱ्यावर बोट ठेवलं. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे आमच्या प्लेट आणि द्रावणं आधी इथेच निर्जंतुक करायची, मग पिवळ्या पिशवीतून जायची. त्याचं रजिस्टर बैठकीआधीच सुरू केलेलं होतं, ते दाखवलं.

सरांनी अर्जात एक फार उपयोगाची गोष्ट केली होती. आम्हाला लगेच चार जनुक काढायचे होते, पण वाचनातून पुढे लागू शकतील असे वाटलेले आणखी काही त्यांनी यादीत आधीच लिहिले होते. समितीच्या बैठका वर्षातून किमान दोन व्हाव्यात असा नियम आहे, आणि छोट्या संस्थांत त्या तेवढ्याच होतात. एक जनुक यादीत नसेल तर सहा महिने थांबावं लागू शकतं. आणखी एक: तुमच्या फर्मेंटरचं (जिवाणू वाढवण्याच्या पात्राचं) आकारमान अर्जात स्पष्ट लिहा. २० लिटरच्या पुढचं काम मोठ्या प्रमाणावरचं धरलं जातं आणि त्याची परवानगी वरच्या समित्यांकडे जाते. आमचा फर्मेंटर २ लिटरचा, त्यामुळे तो प्रश्न आला नाही.

इतिवृत्त पोर्टलवर चढलं आणि फेब्रुवारीत काम सुरू झालं. जनुक काढण्यासाठी आम्ही डात्सेन्को आणि वॅनर यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेली पद्धत घेतली. त्यासाठीची प्लास्मिडं (जिवाणूत घालता येणारी डीएनएची छोटी वर्तुळं) एका ओळखीच्या प्रयोगशाळेतून रीतसर हस्तांतरण करार करून, आमच्या समितीला कळवून मागवली. या पद्धतीत जो जनुक काढायचा त्याच्या जागी कॅनामायसिन या अँटिबायोटिकला प्रतिकार करणारा डीएनएचा तुकडा बसवतात. त्यासाठी जनुकाच्या दोन्ही टोकांशी जुळणारे लांब प्रायमर लागतात, साधारण ७० बेसचे, म्हणजे डीएनएच्या ७० अक्षरांचे. आम्हाला एका बेसला बारा रुपयांच्या आसपास दर पडला, शुद्धीकरणाचे वेगळे. म्हणजे एका जनुकाच्या जोडीला दोन हजारांच्या घरात. तपासणीचे छोटे प्रायमर त्याच ऑर्डरमध्ये टाका, कुरिअरचा खर्च आणि वाट पाहणं दोन्ही वाचतं.

मार्चपासून नागपूरचं ऊन सुरू झालं, आणि इथे एक अडचण आली जी कोणत्याही प्रोटोकॉलमध्ये लिहिलेली नसते. जनुकाची ही अदलाबदल घडवून आणणारं पीकेडी४६ नावाचं प्लास्मिड ३० अंशांवरच टिकतं. तापमान वाढलं की पेशी ते टाकून देतात. प्रोटोकॉलमध्ये "३० अंशांवर वाढवा" एवढी एकच ओळ असते. साधा इन्क्युबेटर फक्त गरम करतो, थंड करत नाही. प्रयोगशाळेतच दुपारी ३६-३७ अंश असतील तर ३० वर लावलेला इन्क्युबेटरही ३७ च दाखवतो. एप्रिलमध्ये आमच्या प्लेटवरच्या वसाहतींतून (जिवाणूंच्या ठिपक्यांतून) प्लास्मिड गायब व्हायला लागलं, तेव्हा सरांनी थर्मामीटर आत ठेवून दर दोन तासांनी नोंद घ्यायला लावली आणि कारण सापडलं. थंड करणारा, म्हणजे बीओडी इन्क्युबेटर लागतो. नवा परवडणारा नव्हता. जुना, दुरुस्त केलेला एक साठ हजारांत मिळाला. शेकर मात्र थंड होणारा नव्हता, म्हणून द्रवात वाढवायचं काम आम्ही रात्री अकरानंतर एसीच्या खोलीत नेलं. मे महिन्याच्या शेवटी, नवतपात, तेही जड जात होतं. विदर्भात हे काम करणार असाल तर उन्हाळ्याच्या आधी ३० अंशांची सोय करा, नाहीतर हा टप्पा सरळ हिवाळ्यात ठेवा. रात्रीची लाईट जाते ती वेगळीच. उणे ८० च्या फ्रीजरला जनरेटर नसेल तर तयार झालेला प्रत्येक जिवाणू दुसऱ्या एखाद्या संस्थेतही ठेवून द्या.

इलेक्ट्रोपोरेशनचा, म्हणजे विजेच्या झटक्यानं पेशीत डीएनए घालण्याचा दिवस जरा सविस्तर सांगते, कारण विद्यार्थी सर्वांत जास्त त्यालाच घाबरतात. पेशी ३० अंशांवर अरॅबिनोज ही साखर घालून वाढवायच्या, द्रावण गढूळ होऊ लागलं की लगेच बर्फात. त्यानंतर त्यांना उबेचा स्पर्श होऊ द्यायचा नाही. सेंट्रिफ्यूज आधीपासून ४ अंशांवर, ग्लिसरॉलचं १० टक्के द्रावण बर्फात, पिपेटच्या टिपाही फ्रीजमधल्या. त्या थंड ग्लिसरॉलनं पेशी पुन्हा पुन्हा धुवायच्या, कारण माध्यमातलं मीठ जरा जरी उरलं तरी वीज पेशींतून न जाता मिठातून जाते. शेवटी तळाशी जो पांढरट साका उरतो तो अगदी थोड्या द्रवात हलक्या हातानं मिसळायचा. मग १ मिलिमीटर फटीच्या क्युव्हेटमध्ये पेशी आणि डीएनए, बाहेरून क्युव्हेट पुसून कोरडं, १.८ किलोव्होल्ट. नीट झालं तर यंत्रावर ५ मिलिसेकंदांच्या जवळचा आकडा येतो आणि काहीही आवाज होत नाही. मीठ राहिलं असेल तर फटकन ठिणगी पडते आणि तो नमुना संपला. डीएनए बफरऐवजी शुद्ध पाण्यात घेतला की ठिणग्या जवळजवळ थांबतात. त्यानंतर क्षणाचाही वेळ न घालवता पोषक माध्यम घालायचं. दोन दिवसांनी कॅनामायसिनच्या प्लेटवर टाचणीच्या टोकाएवढ्या वसाहती दिसतात. पहिल्यांदा त्या दिसल्या तेव्हा मी आणि माझी विद्यार्थिनी दोघी प्लेट उजेडाकडे धरून कितीतरी वेळ बघत होतो.

वसाहत आली म्हणजे जनुक गेला असं नाही. पीसीआर करून (त्या जागेच्या डीएनएच्या असंख्य प्रती काढून) त्यांची लांबी जेलवर बघायची. पीएफएलबीच्या जागी मूळ जिवाणूत अडीच हजार बेसच्या आसपास पट्टा येतो, कॅनामायसिनचा तुकडा बसला की तो खाली सरकतो, आणि नंतर पीसीपी२० या प्लास्मिडनं तो तुकडा कापून काढला की काही शे बेसचा छोटा पट्टा उरतो. हे प्रत्येक जनुकाला. कापल्यावर त्या जागी एक छोटा ठसा राहतो, आणि चारही ठिकाणचे ठसे एकसारखे असल्यामुळे ते आपापसांत जुळून मधला भाग उडवू शकतात. म्हणून नवा जनुक काढल्यावर जुन्या सगळ्या जागा पुन्हा तपासा. आम्ही ही तपासणी दर वेळी केली, आणि शेवटी चारही जागा सिक्वेन्सिंगला पाठवल्या. एका नमुन्याला चारशे रुपयांच्या आसपास खर्च आला.

ऑगस्टमध्ये चारही जनुक गेलेला जिवाणू हाती आला. त्याच महिन्याच्या २४ तारखेला केंद्रीय मंत्रिमंडळानं जैविक उत्पादनासाठीचं बायोई३ धोरण मंजूर केलं. त्यात जैविक पद्धतीनं केलेल्या रसायनांना पहिल्या क्षेत्रांत स्थान आहे. विभागात सगळ्यांनी ती बातमी एकमेकांना पाठवली. आपण जे करतोय त्याला देशाच्या धोरणात नाव मिळालं, याचं खरंच बरं वाटलं.

जिवाणू मात्र सुस्त होता. साध्या क्षारांच्या माध्यमात, हवेशिवाय, ग्लुकोजवर तो जेमतेम वाढायचा. अपेक्षित होतं ते. यावरचा उपाय मोठा सुंदर आहे आणि त्याला फक्त चिकाटी लागते. वाढ आणि आम्ल एकमेकांना बांधलेले असल्यामुळे जी पेशी जास्त वेगानं वाढते तीच जास्त वेगानं आम्ल बनवते. रोज थोडं द्रावण ताज्या माध्यमात टाकत राहायचं, जलद वाढणाऱ्या पेशी आपोआप पुढे येतात. गणपती, नवरात्र, सगळे सण या बदल्यांवर गेले. सुट्टीच्या दिवशी अटेंडंट काका स्वतःहून गेट उघडायला यायचे. दसऱ्यापर्यंत तोच जिवाणू डोळ्यांना दिसेल एवढ्या फरकानं वेगवान झाला होता. दर आठवड्याचा नमुना ग्लिसरॉलमध्ये गोठवून ठेवा, मधेच परकं काही शिरलं तर मागच्या नमुन्यापासून सुरू करता येतं.

नोव्हेंबरमध्ये फर्मेंटर. ३७ अंश, सामू ७, हवा बंद, मंद ढवळणं, ५० ग्रॅम प्रति लिटर डेक्स्ट्रोज, म्हणजे ग्लुकोजच. आम्ल साठलं की सामू घसरतो आणि ई. कोलाय थांबतो, म्हणून यंत्र आपोआप कॉस्टिक सोड्याचं द्रावण सोडत राहतं. सोड्याची बाटली मी वजनकाट्यावर ठेवली होती. ९० ग्रॅम लॅक्टिक आम्लाला ४० ग्रॅम सोडा लागतो, त्यामुळे बाटलीचं वजन किती घटलं यावरून आत किती आम्ल झालं याचा अंदाज एचपीएलसीच्या (द्रावणातले पदार्थ वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राच्या) आधीच येतो. पहिल्या रात्री वजन जागचं हललं नाही. दुसऱ्या सकाळपासून पंप टिकटिक करायला लागला आणि मग थांबेना. एचपीएलसी आमच्याकडे नाही. शहरातल्या दुसऱ्या संस्थेत एका नमुन्याला आठशे रुपये भरून करून घेतो, आणि त्यांचा कॉलम बदलायचा असल्यानं निकालाला तीन आठवडे लागले. आकडा आला: ५० ग्रॅम साखरेतून ४५ ग्रॅमच्या आसपास लॅक्टिक आम्ल, अ‍ॅसेटिक आणि इथेनॉल नावापुरतं.

पण एचपीएलसीचा तो कॉलम डी आणि एल वेगळे दाखवत नाही. त्यासाठी नमुने बाहेरगावी पाठवावे लागले, दर नमुन्याला दोन हजार. निकालात डी बहुतांश होता, पण थोडा एलही होता. पॉलिमरसाठी हा थोडा एल चालत नाही. याचं कारण २००६ मध्ये त्याच फ्लोरिडाच्या गटानं दाखवून दिलेलं आहे. साखर भरपूर असली की पेशी मिथाइलग्लायॉक्सॉल नावाच्या आडवाटेनंही थोडं लॅक्टिक बनवते आणि त्या वाटेनं दोन्ही प्रकार तयार होतात. एमजीएसए हा जनुक काढला की ती वाट बंद होते. सरांच्या यादीत तो पहिल्या दिवसापासून होता. परवानगीसाठी एक दिवसही थांबावं लागलं नाही, आणि डिसेंबरच्या थंडीत ३० अंशांची चिंताही नव्हती. जानेवारीत आलेल्या निकालात एल दिसला नाही.

आता विदर्भातली साखर. कामाबद्दल सांगितलं की प्रत्येक जण विचारतो, मग संत्र्याच्या साली का घेत नाही? सालीत लिमोनीन हे तेल असतं आणि ते सूक्ष्मजीवांना मारक आहे. ते आधी काढावं लागतं, आणि सालीही हंगामापुरत्याच मिळतात. उसाची मळी म्हणाल तर तिची खरेदी-वाहतूक राज्य उत्पादन शुल्काच्या परवान्याखाली येते, आणि आमच्या भागात कारखानेही मोजके. कापूस मात्र सगळीकडे आहे. वेचणी संपल्यावर पऱ्हाटी (कापसाची उभी झाडं) शेतात ठेवू नका, फरदड (त्याच झाडांवरचं पुढचं पीक) घेऊ नका, असं शेतकऱ्यांना सतत सांगितलं जातं, कारण गुलाबी बोंडअळी त्यावर तग धरते. म्हणून पऱ्हाटी उपटून ढीग लावतात. थोडी चुलीत जाते, बाकीची पेटवून देतात.

कळमेश्वर तालुक्यातल्या एका ओळखीच्या शेतकऱ्याकडे आम्ही गेलो. "आमी तं जाळतोच जी. नेता तं न्या," ते म्हणाले. मग गाडीत भरताना विचारलं, "पण मॅडम, एवढ्याशा काड्यांनं तुमचं काय होते?" मी सांगितलं, आधी साखर निघते का ते बघू. त्यांनी विचारलं, साखर निघाली तर क्विंटलला काय भाव देणार? ज्यांना या विषयावर प्रकल्प लिहायचा आहे त्यांनी हा प्रश्न पहिल्या पानावर लिहावा. त्याचं उत्तर माझ्याकडे अजून आकड्यात नाही.

पऱ्हाटी म्हणजे लाकूडच. दळायलाच दोन दिवस गेले, घरगुती चक्कीचं काम नाही, हॅमर मिल लागते. मग सौम्य गंधकाम्लात ऑटोक्लेव्ह केलं, त्यातून झायलोज या दुसऱ्या साखरेचा लालसर-तपकिरी रस निघाला. उरलेला चोथा सोड्यात शिजवला, धुतला, आणि सेल्युलेज एन्झाइम घालून ५० अंशांवर तीन दिवस ठेवला. चोथ्यातलं सेल्युलोज फुटून ग्लुकोज निघालं. हे एन्झाइम महाग आहे, आमच्या या टप्प्याचा सर्वांत मोठा खर्च तोच होता.

झायलोजचा रस आमच्या जिवाणूनं घेतला नाही. यामागेही पेशीचा हिशोबच आहे. एका ग्लुकोजमधून लॅक्टिकपर्यंत जाताना तिला एटीपीचे, म्हणजे पेशीच्या ऊर्जेच्या चलनाचे, २ रेणू मिळतात. झायलोज आत ओढून घेण्यातच एटीपी खर्च होतो, त्यामुळे हातात ०.६७ च उरतो. एरवी अ‍ॅसिटेट बनवून पेशी ही तूट भरून काढते, पण तो मार्ग तर आपणच बंद केला आहे. एवढ्या कमी ऊर्जेवर हवेशिवाय वाढ होत नाही. झायलोज आत घेणारी यंत्रणा बदलून यातून वाट काढता येते, तसं काम झालेलंही आहे. आम्ही तूर्त ग्लुकोजचा भागच वापरला. मार्च २०२५ च्या दुसऱ्या आठवड्यात त्यावर फर्मेंटर चालला: ३० ग्रॅम प्रति लिटर साखरेतून २४ ग्रॅम डी-लॅक्टिक आम्ल. वेग डेक्स्ट्रोजपेक्षा कमी, कारण लाकडातून येणारी फिनॉलसारखी द्रव्यं थोडी उरतातच. पण काटोल रोडवरच्या पऱ्हाटीतून आलेलं आम्ल होतं ते, आणि त्या दिवशी विभागात पेढे वाटले गेले.

नवख्यांना वाटतं की इथे काम संपलं. खरं तर उद्योगाचं काम इथे सुरू होतं. फर्मेंटरमधून निघतं ते आम्ल नसतं, त्याचं मीठ असतं. पुन्हा आम्ल करायला गंधकाम्ल घालावं लागतं. चुन्यानं सामू राखला असेल तर जिप्सम निघतं, आणि १८० ग्रॅम आम्लामागे १७२ ग्रॅम, म्हणजे जवळपास किलोला किलो. एवढं जिप्सम कुठे टाकायचं? चांगला जिवाणू असूनही कंपन्या का अडतात, ते या टप्प्यावर समजतं. जैविक सक्सिनिक आम्लासाठी कॅनडात मोठा कारखाना उभारणारी बायोअँबर २०१८ मध्ये दिवाळखोरीत गेली. दुसरीकडे टेनेसीतल्या लाउडन इथे २००६ मध्ये मक्याच्या साखरेपासून प्रोपेनडायॉल करणारा कारखाना सुरू झाला, इटलीत २०१६ मध्ये ब्युटेनडायॉलचा, आणि दोन्हीकडे राबणारा जिवाणू ई. कोलायच. म्हणून माझं मत असं झालं आहे, की जनुकांची यादी करण्याआधी वेगळं करण्याचा आणि कच्च्या मालाचा हिशोब मांडावा. मी पुन्हा सुरुवात केली तर त्याच क्रमानं करेन.

पैशाचं विचाराल तर इन्क्युबेटर धरून रसायनं, प्रायमर, तपासण्या, एन्झाइम असा सगळा खर्च चार लाखांच्या थोडा पुढे गेला. फर्मेंटर आणि पीसीआर यंत्र विभागात आधीपासून होतं, ते यात धरलेलं नाही. पैसा संस्थेच्या छोट्या संशोधन निधीतून आला. कंपनी काढायची असेल त्यांनी बायरॅक या जैवतंत्रज्ञान उद्योगांना मदत करणाऱ्या केंद्राच्या संस्थेच्या 'बिग' अनुदानाकडे बघावं. कल्पना सिद्ध करून दाखवण्यासाठी १८ महिन्यांकरता ५० लाखांपर्यंत मिळतात, आणि अर्ज साधारणपणे १ जानेवारी आणि १ जुलैला उघडतात. जैवसुरक्षा समिती कोणाची वापरणार हा प्रश्न तिथेही येतो, म्हणून एखाद्या इन्क्युबेशन केंद्राशी आधीच बोलून ठेवा.

फर्मेंटर उतरवल्यावर २ लिटर द्रावणातले जिवाणू ऑटोक्लेव्हमध्ये नेहमीच्या वीस मिनिटांत मरत नाहीत, आतपर्यंत उष्णता पोचायला वेळ लागतो. आम्ही तासभर ठेवतो आणि नंतर त्यातला थेंब प्लेटवर पसरून काही वाढत नाही ना हे बघतो. ती प्लेट, तिची तारीख आणि दोघांच्या सह्या रजिस्टरला जातात, कारण समितीच्या वार्षिक अहवालात हेच विचारतात. यंदाचा अहवाल गेला आहे. झायलोजसाठीचा बदल मूळ यादीत नव्हता, त्याचा दुरुस्ती अर्ज मी मागच्या आठवड्यात जोडला. बैठक जुलैत आहे, आणि त्याचे प्रायमर मंजुरीनंतरच मागवायचे आहेत.